वनस्पतीचा जीनोम मिळून वाचताय? या चुका टाळा

जीनोम म्हणजे सजीवाचा संपूर्ण डीएनए; तो वाचणाऱ्या यंत्रामुळे, म्हणजे सिक्वेन्सरमुळे, प्रकल्प रखडला असं क्वचितच होतं. खरा घोळ त्याआधीच, झाड निवडताना झालेला असतो.

वाणाचं नाव एक, म्हणजे डीएनए एकच, असं कधीही धरून चालू नका. दोन लॅबमधलं एकाच नावाचं बियाणं जनुकीयदृष्ट्या वेगळं निघू शकतं. १९९८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भात जीनोम प्रकल्पात १२ गुणसूत्रं देशोदेशी वाटली होती, वाण मात्र सगळ्यांचा एकच: निप्पोनबारे. लागवडीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, तेही एकमेकांपासून बरेच वेगळे. म्हणून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जीनोमसाठी एकाच संचाची दुप्पट करून तयार केलेलं खास झाड वापरलं गेलं. तुम्हीही एकच झाड ठरवा, त्याला क्रमांक द्या आणि शक्य असेल तर त्याचाच डीएनए सगळ्यांना पाठवा.

पानातून काढलेला डीएनएचा गोळा तपकिरी दिसतोय? पॉलिफिनॉल (वनस्पतीतली रंग काळवंडवणारी रसायनं) आलेत. चिकट, जेलीसारखा? मग पिष्ट किंवा इतर शर्करा. जून पानं सोडा, कोवळी घ्या. त्याआधी रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवा. डीएनएची शुद्धता २६०, २८० आणि २३० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणावरून तपासतात. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं की लोक निश्चिंत होतात, पण २६०/२३० खूप कमी असेल तर नमुना पुढे पाठवू नका. आणि लाँग रीड्ससाठीचा (लांब धागे सलग वाचण्यासाठीचा) डीएनए व्होर्टेक्सवर, म्हणजे जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर, अजिबात धरू नका, धागे तुटतात.

असेंब्ली (वाचलेले तुकडे जुळवून तयार झालेला जीनोम) अपेक्षेपेक्षा दीडपट मोठी आली तर आधी फ्लो सायटोमेट्रीने (पेशीतला डीएनए मोजण्याच्या पद्धतीने) मोजलेल्या आकाराशी ताडून बघा. बहुधा आईकडची आणि बापाकडची प्रत वेगवेगळी जुळलेली असते, मग एकदाच दिसायला हवीत ती जनुकं दोनदा दिसतात. जादा प्रती काढायची साधनं आहेत, पण ती आंधळेपणाने चालवू नका. गव्हात ए, बी, डी असे तीन उपजीनोम (वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेले गुणसूत्रांचे संच) खरोखरच आहेत; तिथे ‘जादा’ समजून काढलेलं जनुक अस्सल असू शकतं.

असेंब्लीच्या आवृत्त्यांचं एकच सांगतो: ‘फायनल’ नावाची फाइल ठेवू नका. क्रमांक आणि तारीख घाला, नाहीतर एकाची जनुकं दुसऱ्याच्या असेंब्लीत भलत्याच जागी बसतात.

माहिती कधी खुली करायची आणि शोधनिबंधावर नावं कोणाची, हे पहिल्याच बैठकीत लिहून काढा.

पानं तोडून झाली म्हणून ते झाड टाकून देऊ नका. बी साठवा, हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) फांदी दाबून ठेवा, कलम होत असेल तर करा. पुढे एखादी गॅप (जीनोममधली न वाचलेली जागा) भरायची वेळ आली की तेच झाड लागतं.