मित्रांसोबत मोर्चाला जायचंय? मग आधी हे ठरवून घ्या

मोर्चाला जाणं काही अवघड नाही, ग्रुपवर कुणीतरी टाकतं "येताय का" आणि भराभर हो हो येतात, खरी गंमत परतताना होते, गर्दी हलायला लागली की अर्धी गँग एकीकडे अर्धी दुसरीकडे आणि फोन कुणाचाच लागत नाही. एका टॉवरवर एवढे फोन आले की नेट मान टाकतंच. अशा वेळी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. चुकामूक झाली तर भेटायचं कुठे हे निघायच्या आधीच ठरवा, आणि ती जागा मोर्चाच्या रस्त्यावर नको, दोन-तीन गल्ल्या लांबची बघा. दोघादोघांच्या जोड्या पाडा, जोडीदाराला सोडून कुठेही जायचं नाही, अगदी पाणी आणायला पण नाही. एक-दोन महत्त्वाचे नंबर पेनाने हातावर लिहा, फोन बंद पडला की पाठ असलेला नंबर आठवत नाही बघा.

आणि हो, मोर्चा कोणी काढलाय, परवानगी आहे का, मागणी नेमकी काय, एवढं तरी वाचून जा, नुसतं गर्दीत भर घालायला नको.

पायात बंद बूट, लेस घट्ट. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, चष्मा घाला, कारण अश्रुधूर सुटला तर तो लेन्सखाली अडकून जास्त झोंबतो. तसं झालंच तर डोळे अजिबात चोळू नका, वारा जिकडून येतोय तिकडे सरका आणि साध्या पाण्याने डोळे धुवा.

आता रेटारेटीचं, हे नीट वाचा. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की गर्दी आपल्या ताब्यात राहत नाही, ती नेईल तिकडे आपण जातो. इतकं दाटायच्या आधीच कडेला व्हा. अडकलातच तर दोन्ही हात छातीसमोर आणा म्हणजे श्वासाला जागा राहते, उलटं ढकलू नका, धक्का ओसरला की तिरकं तिरकं बाहेर सरका. भिंत, रेलिंग, बंद गल्ली यांच्यापासून लांब. मोबाईल पडला तर पडू दे, वाकायचं नाही.

प्रत्येक गँगमध्ये एक तापट गडी असतोच, पोलिसांशी वाद घालायला पुढे पुढे करणारा. त्याची जोडी शांत माणसाशी लावा. आणि जोडीतल्या एकाने जरी "चला" म्हटलं तरी दोघांनी निघायचं, का वगैरे नंतर विचारा.

फोनचं फिंगरप्रिंट आणि फेस लॉक बंद करून लांब पिन ठेवा. फोटो काढा पण दुसऱ्यांचे चेहरे दिसत असतील तर लगेच टाकू नका, कुणाच्या घरी, कुणाच्या ऑफिसात काय होईल सांगता येत नाही. घरी पोचलात की ग्रुपवर लिहा, आणि ज्याचा मेसेज नाही आला त्याला फोन लावत रहा.