बोलीतले शब्द टिपताय? या चुका टाळा

सुट्टीत गावी गेल्यावर वही घेऊन खान्देशातल्या अहिराणी बोलीचे शब्द उतरवायचे, हा छंद चांगलाच. पण पहिली गडबड प्रश्नातच होते. ‘आजी, याला काय म्हणतात?’ असं विचारलं की आजी सावरून बसते आणि शाळेतली मराठी बोलते. त्याऐवजी काम कसं करतात ते विचारा आणि गप्प बसा. शब्द आपोआप पडतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एका शब्दापुढे एकच शब्द लिहिल्याने. रावेर-यावलकडे ‘केळी निसवली’ म्हणजे खांबातून घड बाहेर पडला. ‘ज्वारी निसवली’ म्हणजे पोटरीतून, म्हणजे पानाच्या फुगलेल्या आवरणातून, कणीस बाहेर आलं. तुम्ही ‘निसवणे : उगवणे’ लिहून मोकळे झालात, तर कोंब आला त्याच दिवशी कणीस आलं की! ‘आखाजी’चंही तेच. ‘अक्षय्य तृतीया’ लिहिलं की तिथी बरोबर येते, पण माहेरी आलेल्या लेकी, झोके आणि गाणी वहीबाहेर राहतात. म्हणून अर्थाशेजारी ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा. कोण, कशाबद्दल बोललं तेही.

ओळखीच्या आवाजाला भुलू नका. अहिराणीतलं ‘आते’ म्हणजे आत्या नव्हे, ‘आता’. ‘मना आंडोर’ म्हणजे ‘माझा मुलगा’. इथे मनाचा काही संबंध नाही.

बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी अहिराणीत आहेत, असं बिनधास्त सांगणारे पुष्कळ भेटतात. ती लेवा गणबोलीत, म्हणजे खान्देशातल्याच दुसऱ्या एका बोलीत आहेत. ‘माले’ दोन्हीकडे ऐकू येतं, म्हणून घोटाळा होतो. षष्ठी तपासा: बहिणाबाईंची ‘माझी माय’ अहिराणीत ‘मनी माय’ होते. वहीत दोन्ही बोलींना वेगळी पानं द्या.

राहिली व्युत्पत्ती. इथे प्रत्येकाचा हात शिवशिवतो. ‘खान्देश’ कुणी कान्हाशी जोडतं, कुणी इथे राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबाशी. अकबराने १६०१मध्ये असीरगड घेतल्यावर मुलगा दानियाल याच्या नावावरून प्रांताला ‘दानदेश’ म्हटलं, ते मात्र लोकांच्या तोंडी बसलं नाही. नुसता ध्वनी जुळतो म्हणून मूळ ठरवू नका. शब्दाचं जुनं रूप कुठल्या काळच्या लिखाणात सापडतं ते आधी बघा. नाहीच सापडलं, तर तो रकाना कोरा ठेवा.