लशीविषयीच्या शंकांना उत्तर देताना

साथ ओसरली तरी कोविडच्या लशीविषयीचे प्रश्न संपलेले नाहीत. पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत, सोसायटीच्या सभेत किंवा दवाखान्याच्या बाकावर ते आजही निघतात. उत्तर देणारी व्यक्ती आशाताई असो, परिचारिका असो वा घरातली शिकलेली सून, तिने समोरच्याने कोणती लस घेतली आणि केव्हा घेतली, हे आधी विचारून घ्यावे. आठवत नसेल तर कोविनचे प्रमाणपत्र पाहावे, कारण एका लशीचे उत्तर दुसरीला लागू पडेलच असे नाही.

‘लशीतूनच कोविड होतो का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर निःशंकपणे द्यावे. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोव्हिशील्डमध्ये शरीरात वाढू न शकणारा दुसराच एक विषाणू वाहक म्हणून वापरलेला आहे, तर पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळ्या केलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेल्या कोव्हॅक्सिनमधील विषाणू निष्क्रिय केलेला असतो. डोसनंतर एकदोन दिवस येणारी कणकण आणि दंडाचे दुखणे ही शरीराच्या प्रतिसादाची लक्षणे होत.

सर्वाधिक जपून बोलावे ते रक्ताच्या गुठळ्यांविषयी. कोव्हिशील्ड ही मूळची ज्या ॲस्ट्राझेनेका कंपनीची लस, तिने क्वचित अशा गुठळ्या होऊ शकतात, अशी कबुली ब्रिटनमधील न्यायालयात दिल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या, तेव्हा ‘मी तीन वर्षांपूर्वी कोव्हिशील्ड घेतली, आता माझे काय?’ असे अनेकांनी धास्तावून विचारले. अशा वेळी ‘काही नसते हो’ म्हणून विषय झटकू नये. गुठळ्या होणे आणि त्याच वेळी प्लेटलेट घटणे हा दुष्परिणाम खरा आहे, तो अत्यंत विरळा आहे आणि युरोपच्या औषध नियामकाने २०२१ मध्येच त्याची नोंद घेतली होती, हे मान्य करूनच पुढे बोलावे. तो बहुधा डोसनंतर पहिल्या काही आठवड्यांत उद्भवतो. म्हणून २०२१ मध्ये लस घेतलेल्याने आज त्या भीतीपोटी रक्ताच्या महागड्या तपासण्या करून घेण्याचे कारण नाही. (प्रयोगशाळांच्या ‘पॅकेज’वाल्यांना हे रुचणार नाही.) मात्र आज छातीत दुखत असेल तर लशीची चर्चा बाजूला ठेवून त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचा विषय निघाला, तर १८ ते ४५ वयोगटाविषयीचा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा २०२३ मधील अभ्यास सांगावा. लसीकरणामुळे असा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. पूर्वी कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेले असणे, कुटुंबात अशा मृत्यूचा इतिहास असणे आणि मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांतील अतिमद्यपान वा अतिश्रम यांचा संबंध मात्र आढळला.

‘लस घेऊनही मला कोविड झालाच ना?’ या तक्रारीत तथ्य आहे. प्रतिपिंडे (अँटिबॉडी) काही महिन्यांत घटतात, विषाणूही बदलत जातो. गंभीर आजारापासूनचे संरक्षण त्या मानाने अधिक काळ टिकते. ‘लस घेतली की कोविड होणारच नाही’ असे ज्यांनी उत्साहाच्या भरात सांगितले, त्यांनीच लशीवरचा विश्वास घालवला, असे माझे मत आहे.

वंध्यत्वाच्या अफवेला आधार नाही. पाळी थोडी पुढे जाऊ शकते, पण ते तात्पुरते असते. लस घेतल्यावर अंगाला चुंबक चिकटते किंवा लशीत चिप असते, अशा गोष्टींवर वेळ दवडू नये.

आणखी डोस घ्यावा का, हे मात्र आपण ठरवू नये. वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि आधीच्या डोसला आलेली तीव्र ॲलर्जी यांची चिठ्ठी करून, प्रमाणपत्रासह, त्या व्यक्तीला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवावे.