छेदात कोण?

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी ‘तरुणांना रोजगार मिळवून देणारी शासकीय धोरणे’ हा विषय घेतल्यावर मी सात देशांचा ऐसपैस तक्ता तयार केला. मार्गदर्शक बाईंनी त्याच्या कडेला पेन्सिलीने एवढेच लिहिले : ‘छेदात कोण?’ दीड महिन्याचे काम तिथेच मोडीत निघाले.

2013 साली स्पेन आणि ग्रीसमध्ये तरुणांच्या बेरोजगारीचा दर 50 टक्क्यांच्या वर होता, म्हणून ‘तिथले निम्मे तरुण बेकार होते’ असे मी बेधडक लिहिले होते. हा दर काढताना छेदात, म्हणजे ज्या संख्येने भागायचे तिच्यात, केवळ काम करणारे आणि काम शोधणारेच मोजले जातात. शंभरांपैकी साठ जण नुसते शिकत असतील, तीस कामावर आणि दहा शोधात असतील, तर दर 25 टक्के येतो. शोधणारे मात्र दहाच. जर्मनीत कारखान्यात करार करून शिकणारा उमेदवार कामावर असलेला धरला जातो आणि पूर्णवेळ महाविद्यालयात बसणारा छेदातच येत नाही, त्यामुळे दोन देशांच्या आकड्यांतला काही फरक निव्वळ शिक्षणपद्धतीचा असतो.

‘हमी’ या शब्दानेही मला चकवले. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्यामुळे ग्रामीण भागातल्या प्रौढाला काम मागण्याचा हक्क मिळाला. युरोपीय संघाची 2013 ची ‘युवा हमी’ ही सदस्य देशांना केलेली शिफारस आहे. तीत चार महिन्यांच्या आत नोकरी, पुढील शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करायचे असते.

म्हणून नवख्यांनी दोनच ठिकाणे घ्यावीत, आणि वृत्तपत्रांतल्या बातम्यांऐवजी मूळ शासन निर्णय वाचावा (कंटाळवाणा असतो, पण पात्रतेच्या अटी तिथेच सापडतात). मी जर्मनीची उमेदवारी आणि महाराष्ट्राची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ठेवली. जर्मनीत साधारण दोन ते साडेतीन वर्षे चालणाऱ्या प्रशिक्षणाचे विद्यावेतन मालक देतो, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातात आणि शेवटी परीक्षा होते. आपल्याकडे 18 ते 35 वयोगटासाठी मुळात सहा महिन्यांची मुदत होती आणि शिक्षणानुसार दरमहा 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये सरकार देणार होते. मालकाचे स्वतःचे पैसे गुंतलेले नसतील, तर मुदत संपल्यावर उमेदवाराला ठेवून घेण्याची त्याला कितपत निकड वाटेल, अशी मला शंका होती. नव्या तक्त्यातली पहिली ओळ मी तीच केली : ‘पैसे कोण देतो?’