दुसऱ्याने गाडी ठोकली आणि क्लेम रखडला: तयारीची यादी

चूक समोरच्याची, म्हणजे पैसे त्याच्या विमा कंपनीकडून येणार, असं धरून चालू नका. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळू शकतं. खासगी गाडीच्या पॉलिसीत परक्याच्या मालमत्तेसाठी साधारण ७.५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, त्यामुळे रक्कम अपुरी पडायचा प्रश्न सहसा नसतो. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, पोलिसांची नोंद, वकील आणि मग तारखा. गाडी तोवर गॅरेजमध्ये उभी ठेवणार का? म्हणून बहुतेक लोक मुकाट्याने स्वतःच्या पॉलिसीतून ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम करतात. तुमचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर हा रस्ता बंद, तुम्ही थेट शेवटाकडच्या ‘समोरच्याकडून वसुली’वर जा.

क्लेम करण्याआधी पाच मिनिटं हिशेब करा. एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो आणि एक क्लेम केला की शून्यावर येतो. चूक कुणाची होती हे तो विचारत नाही. तुम्ही ५० टक्क्यांवर असाल तर पुढच्या नूतनीकरणांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सवलत हुकते. बेरीज १२५ टक्के. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये असेल तर ढोबळ १०,००० रुपये गेले. त्यावर सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा भाग: १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये. बंपरचा पोचा काढायला कोपऱ्यावरचा डेंटिंगवाला सहा हजार मागत असेल तर त्याला द्या आणि सुखी व्हा. क्लेमनंतरही बोनस टिकवणारं ‘एनसीबी प्रोटेक्ट’ ॲड-ऑन घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते पॉलिसीत बघा, एजंटला विचारू नका.

अपघाताच्या जागी काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. कुणाला लागलं असेल तर आधी १०८, पोलिसांसाठी ११२. मग फोटो. दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट एकाच चौकटीत येतील असा एक फोटो हवाच, गाड्या बाजूला घेण्याआधी. पुण्याच्या नवले पुलासारख्या उतारावर मात्र फोटोपायी रस्त्यात उभं राहू नका, मागून ट्रक येतात. समोरच्याचं लायसन्स आणि पॉलिसी यांचे फोटो घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून त्याची विमा कंपनी आणि मुदत तरी दिसते. डॅशकॅम असेल तर ती फाइल तिथल्या तिथे लॉक करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच तिच्यावर नवीन चित्रीकरण करतो. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचंही तसंच, त्याच दिवशी विचारा.

आणि चिठ्ठीवर सही नको. ‘आपसात मिटलं, माझी काही तक्रार नाही’ असं लिहून पाच हजार रुपये खिशात घातले की पुढे त्याच्या विमा कंपनीकडे मागायला तोंड राहत नाही. तुमच्याही पॉलिसीत अट असते की कंपनीला न विचारता कबुली किंवा तडजोड करायची नाही. गर्दीतले काका ‘जाऊ द्या हो’ म्हणतील. काकांना जाऊ द्या.

रेडिएटर किंवा तेल गळत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा. तशीच चालवून नुकसान वाढलं तर तो वाढीव भाग कंपनी देत नाही. पोलीस ठाण्यात दुसऱ्या गाडीच्या नंबरासह स्टेशन डायरीत नोंद करा आणि नोंदीचा क्रमांक घ्या. नुसत्या ओन डॅमेजला, कुणी जखमी नसेल तर, एफआयआर बहुधा मागत नाहीत. पण समोरच्याकडून काही वसूल करायचा विचार मनात असेल तर ही नोंद नसताना पुढे काही हलणार नाही.

आता ज्यासाठी ही यादी लिहायला घेतली ते.

पॉलिसी उघडा आणि तिच्यावर मोबाइल नंबर व ईमेल कुणाचा आहे ते बघा. गाडी घेताना शोरूमनेच विमा काढून दिला असेल तर तिथे शोरूमचा किंवा एजंटचा ईमेल असण्याची चांगलीच शक्यता आहे. माझ्या पॉलिसीत तसंच होतं. कंपनीने ‘कागदपत्रं अपूर्ण’ म्हणून मेल पाठवले, ते शोरूममधल्या कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहिले. मी गॅरेजच्या इन्शुरन्स डेस्कवर सगळे कागद देऊन निवांत. डेस्कवाला म्हणे अपलोड केले. कंपनी म्हणे आलेच नाहीत. दोघंही खोटं बोलत नसावेत, पण माझ्याकडे पोच नव्हती. म्हणून क्लेम नोंदवण्याच्या दिवशीच कंपनीच्या ॲपवर किंवा हेल्पलाइनवर स्वतःचा ईमेल आणि मोबाइल लावून घ्या. आणि बदल झाल्याची पोच घ्या.

क्लेम लगेच नोंदवा. कंपनी ४८ तास म्हणो की आणखी काही, वाट कशाला बघायची? कागद ठरलेले आहेत: आरसी, लायसन्स, पॉलिसी, भरलेला क्लेम फॉर्म, पॅन-आधार, रद्द केलेला चेक, असेल तर पोलीस नोंद. पीयूसी संपलेली असली म्हणून घाबरू नका. तेवढ्यावरून क्लेम अडत नाही हे विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. (पीयूसी काढा मात्र, त्याचा दंड वेगळा.) हे कागद गॅरेजच्या डेस्कला द्याच, पण त्याच दिवशी कंपनीच्या क्लेम विभागाला स्वतःच्या ईमेलवरूनही पाठवा. विषयाच्या ओळीत क्लेम नंबर आणि गाडीचा नंबर. मजकूर तीन ओळींचा पुरे: सोबत ही कागदपत्रं जोडली आहेत; मिळाल्याची पोच द्या; आणखी काही बाकी असल्यास याच मेलला उत्तर म्हणून यादी पाठवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, तारीख आणि क्लेम नंबर बरोबर हवा. आपोआप येणारं ‘आपला मेल मिळाला’ हे उत्तर म्हणजे पोच नव्हे. ‘सर्व कागदपत्रं प्राप्त, काही प्रलंबित नाही’ असं माणसाने लिहिलेलं वाक्य म्हणजे पोच. ते येईपर्यंत रोज तोच मेल पुन्हा पाठवा. लाज कसली!

पोचेवर एवढा जोर का, तर घड्याळासाठी. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, नेमायचा, नेमल्यापासून १५ दिवसांत त्याचा अहवाल यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. केवळ कागद नाहीत म्हणून क्लेम फेटाळायचा नाही, असंही त्यात आहे. वाचायला छान वाटतं. व्यवहारात फाइलवर ‘ग्राहकाकडून कागदपत्रं प्रलंबित’ असा शेरा पडला की तुमच्या बाजूचं घड्याळ थांबतं आणि फोनवरचा माणूस गोड आवाजात ‘सर, प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत राहतो. तो शेरा खोडायला हातात पोच लागते. फोन केला तरी ठेवल्यावर लगेच मेल: आज अमुक वाजता तुमच्याशी बोललो, तुम्ही असं सांगितलंत. फोन रेकॉर्ड होतो हे खरं, पण ते रेकॉर्ड त्यांच्याकडे असतं.

सर्व्हेच्या वेळी स्वतः हजर राहा. गॅरेजवाला ‘तुम्ही कशाला येता, आम्ही बघतो’ म्हणेल. जा. मागून धडक बसली असेल तर वरून बंपर आणि डिकीचं झाकण दिसतं, आतलं नाही. बंपरमागचा बीम, डिकीचा तळ, सायलेन्सर, पार्किंग सेन्सर, मागच्या सीटबेल्टचे अँकर यांची नावं घेऊन सर्व्हेयरला दाखवा. उघडल्यावर आणखी काही निघालं तर सप्लिमेंटरी एस्टिमेट (खर्चाचा पुरवणी अंदाज) देऊन त्याची मंजुरी आधी, भाग बदलणं नंतर. आधी बदलला तर तो भाग तुमच्या खिशातून. जुने भाग री-इन्स्पेक्शन, म्हणजे सर्व्हेयरची फेरतपासणी, होईपर्यंत भंगारात जाऊ देऊ नका.

झिरो डेप, म्हणजे भागांवरचा घसारा न कापण्याचं ॲड-ऑन, नसेल तर किती कापलं जाईल ते आताच समजून घ्या, बिलाच्या दिवशी गॅरेजात आवाज चढवून उपयोग नाही. रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांच्यावर ५० टक्के घसारा, फायबरग्लासवर ३०, काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, चार ते पाचला ३५, पाच ते दहाला ४०. बंपर प्लास्टिकचा असतो, म्हणजे अर्धा बंपर तुमचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते. मग बोलणी आयडीव्हीवर होतात आणि हा सगळा हिशेब बाजूला पडतो.

मग वाट बघणं. यात उशीर नेमका कुठे होतोय ते शोधा, कारण रांगा चार असतात: सर्व्हे अहवाल, कंपनीची मंजुरी, स्पेअर पार्ट, आणि गॅरेजमधला पेंटबूथ. गॅरेज कंपनीकडे बोट दाखवतं, कंपनी गॅरेजकडे. दोघांना आणि सर्व्हेयरला एकाच मेलमध्ये घ्या आणि विचारा, आज फाइल कुणाच्या टेबलावर आहे? पार्टसाठी थांबलो म्हणाले तर ऑर्डरची तारीख लेखी मागा. पुष्कळदा त्या मेलनंतरच ऑर्डर जाते. सर्व्हे अहवालाची प्रतही मागा, लेखी, आणि मागितल्याची पोच. हो, परत पोच. अपलोड केलेल्या प्रत्येक कागदाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. व्हॉट्सॲपवर डेस्कवाल्याने अंगठा दाखवला ती पोच नाही.

गाडी नसताना केलेल्या टॅक्सीची बिलं ठेवा. पॉलिसीत दैनिक भत्त्याचं ॲड-ऑन नसेल तर तुमची कंपनी ती देणार नाही. समोरच्यावर दावा लावलात तर मागता येतात, मिळतीलच असं नाही.

मुदत उलटूनही हालचाल नसेल तर पायऱ्या चढा, पण क्रमाने. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार, सोबत सगळ्या पोचा तारीखवार. ही पायरी गाळून लोक थेट ट्विटरवर जातात. जा हवं तर, पण ही तक्रार केल्याशिवाय विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी, अर्ज घेत नाही. जोडीला आयआरडीएआयचं बिमा भरोसा तक्रार पोर्टल किंवा हेल्पलाइन १५५२५५. एक महिन्यात उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालाकडे तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचाच वाद चालतो, समोरच्याच्या कंपनीविरुद्ध तिथे काही होत नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर, आणि सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, आयोगात प्रकरण सुरू असेल तर लोकपाल हात वर करतो.

समोरच्याकडून वसुली: न्यायाधिकरण, अपघात झाला तिथलं किंवा तुम्ही राहता तिथलं. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा. जे नुकसान तुमच्या कंपनीने भरून दिलं तेच तिथे पुन्हा मागता येत नाही. घसारा, वजावट वगैरे जे पदरचं गेलं त्याबद्दल बोला. रक्कम लहान असेल तर सोडून द्या, मी सोडली.

गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्या. रंगाची छटा, डिकी बंद होते का, सेन्सर वाजतो का. कॅशलेस (कंपनी गॅरेजला थेट पैसे देते ती सोय) असेल तर कंपनीने गॅरेजला दिलेल्या मंजुरीपत्राची आणि अंतिम बिलाची प्रत मागा, वजावटीचे आकडे एकमेकांशी ताडून बघा. कमी रकमेच्या डिस्चार्ज व्हाउचरवर (क्लेम मिटल्याच्या पावतीवर) ‘पूर्ण समाधान’ लिहिलेलं असेल तर हरकत नोंदवूनच सही. स्टेपनी, जॅक, फास्टॅग, सीटखालची छत्री बघून घ्या.