पीएसक्यूएल सापडत नाही? आधी शोधा, मग इन्स्टॉल करा

एपीएमसीच्या दाणाबाजारात एका व्यापाऱ्याकडे आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर चालतं. सर्व्हर माळ्यावर, खाली काउंटरवर दोन पीसी. मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या नवीन पोराला तिकडे पाठवलं, काम एवढंच की खालच्या पीसीवर पीएसक्यूएल (पोस्टग्रेस म्हणजेच पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) टाक आणि एक क्वेरी चालवून बघ. मी वागळे इस्टेटला जागेवर बसलोय आणि याचा फोन, "दादा, डेटा उडालाय, एकपण टेबल दिसत नाहीये." माझ्या पोटात गोळा. बाजूला शेटजी उभे, ते ऐकतायत हे वेगळंच. तुर्भेला उतरून तिथे पोचलो तेव्हा कळलं की पठ्ठ्याने खालच्या पीसीवर अख्खा पोस्टग्रेस सर्व्हर चढवला होता, आणि पीएसक्यूएलला कुठला सर्व्हर ते सांगितलंच नव्हतं, मग ते बिचारं त्याच मशीनवरच्या कोऱ्या सर्व्हरला जाऊन चिकटलं. माळ्यावरचा डेटा जागच्या जागी होता.

तर हे त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहितोय, डॅश म्हटलं की डॅश टाइप करायचा.

पहिली गोष्ट, क्लायंट मशीनवर सर्व्हर लागत नाही. पीएसक्यूएल, पीजी डंप (बॅकअप घेणारा), पीजी रिस्टोअर (तो परत चढवणारा) हे नुसते छोटे प्रोग्रॅम आहेत, नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलतात, बस. आणि माझा अनुभव असा की "इन्स्टॉल नाहीये" अशी तक्रार येते त्यातल्या निम्म्या वेळा टूल मशीनवर असतंच, फक्त विंडोजला ते कुठेय हे माहीत नसतं. म्हणून डाउनलोड करायच्या आधी शोधा.

सीएमडी (विंडोजची काळी कमांडची खिडकी) उघडा आणि टाइप करा: व्हेअर, स्पेस, पीएसक्यूएल. पत्ता आला तर काम झालं. दोन-तीन पत्ते आले तर सगळ्यात वरचा चालतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पॉवरशेलमध्ये मात्र हे करू नका, तिथे व्हेअर म्हणजे भलतीच कमांड आहे, ती काहीच दाखवत नाही, एररपण देत नाही, आणि आपण समजतो की टूल नाहीये. तिथे व्हेअर डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहायचं, किंवा गेट डॅश कमांड वापरायचं.

काहीच नाही आलं तर हाताने बघा. सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, त्यात पोस्टग्रेएसक्यूएल, त्यात व्हर्जनचा आकडा म्हणजे १६ वगैरे, त्यात बिन. तिथेही नसेल आणि पीजीअॅडमिन ४ (पोस्टग्रेस माउसने हाताळायचं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर त्याच्या फोल्डरमधल्या रनटाइममध्ये डोकवा, पीएसक्यूएल आणि पीजी डंप दोन्ही तिथे आयते मिळतात, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांचंही तसंच, त्याचं वर्कबेंच असेल तर त्याच्याच फोल्डरमध्ये मायएसक्यूएल आणि मायएसक्यूएलडंप पडलेले असतात.

खरंच नसेल तर मग इन्स्टॉल. विंडोजचा इन्स्टॉलर घ्या, नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका, कंपोनंट निवडायचा स्क्रीन येतो तिथे थांबा. चार टिक असतात: सर्व्हर, पीजीअॅडमिन, स्टॅक बिल्डर आणि कमांड लाइन टूल्स. शेवटची ठेवा, बाकी काढा. पुढे पासवर्ड नाहीतर पोर्ट विचारायला लागला तर समजा सर्व्हरची टिक राहिलीय, बॅक मारा. आमच्या पोराने इथेच माती खाल्ली.

उबुंटूवर सोपं आहे, सुडो एपीटी इन्स्टॉल पोस्टग्रेएसक्यूएल डॅश क्लायंट. फक्त उबुंटू २२.०४ स्वतःहून १४ व्हर्जन देतं आणि २४.०४ वर १६ येतं, सर्व्हर त्याहून नवा असेल तर पोस्टग्रेसची स्वतःची रेपो (पॅकेजचं भांडार) जोडावी लागते. मॅकवर ब्रू इन्स्टॉल लिबपीक्यू (त्यातच पीएसक्यूएल येतं), पण ते पाथमध्ये, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्या यादीत, आपोआप जात नाही, ब्रू शेवटी एक ओळ दाखवतं ती कोणी वाचत नाही, ती वाचा आणि चालवा.

विंडोजचा इन्स्टॉलरही पाथला हात लावत नाही, ते आपल्यालाच करायचं. स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट शोधा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचं बटण दाबा, पाथवर एडिट, न्यू, आणि बिन फोल्डरचा पत्ता चिकटवा (फोल्डरचा, ईएक्सईचा नाही). सगळ्या खिडक्यांना ओके द्या. मग जुनी सीएमडी बंद करून नवीन उघडा, कारण जुन्या खिडकीला बदललेला पाथ कळत नाही, यात माझा एकदा अर्धा तास गेलाय. सेटएक्स कमांडने पाथ बदलायचा शॉर्टकट कोणी सांगितला तर ऐकू नका, ती १०२४ अक्षरांनंतरचं छाटून टाकते आणि मग बाकीची सॉफ्टवेअर बोंबलतात.

आता कनेक्ट. पीएसक्यूएल, डॅश एच आणि सर्व्हरचा आयपी, डॅश पी ५४३२, डॅश कॅपिटल यू आणि युजर, डॅश डी आणि डेटाबेसचं नाव. डॅश एच विसरलात की आमच्यासारखी फजिती. आत गेल्यावर आधी बॅकस्लॅश कॉनइन्फो मारा, आपण कुठे आलोय ते तो सांगतो, मगच टेबलं शोधा. पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही, कीबोर्ड बिघडलेला नाही. मायएसक्यूएलमध्ये उलटं आहे बरं का, तिथे लहान पी म्हणजे पासवर्ड आणि पोर्टसाठी कॅपिटल पी.

बॅकअप घेताना व्हर्जनचं बघा. पीजी डंप आपल्यापेक्षा नव्या मेजर व्हर्जनच्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायला सरळ नकार देतो, जुन्याचा घेतो. म्हणून क्लायंट सर्व्हरएवढा किंवा नवा ठेवा. नवा टाकूनही तीच एरर येत असेल तर ते वरच्या पत्त्याचं आठवा, पाथमध्ये जुना बिन आधी बसलेला असणार. टास्क शेड्युलरमधून रात्री बॅकअप चालवायचा असेल तर मी पाथवर विसंबतच नाही, बॅच फाइलमध्ये पूर्ण पत्ता लिहितो, आणि तो डबल कोटमध्ये, कारण प्रोग्रॅम फाइल्समध्ये स्पेस आहे.

मराठीत नावं भरलेली असतील तर विंडोजच्या काळ्या खिडकीत कचरा दिसू शकतो. डेटा खराब नसतो. सीएचसीपी ६५००१ मारा, मग सेट पीजीक्लायंटएन्कोडिंग इक्वल टू यूटीएफ८, मग पीएसक्यूएल. जोडाक्षरं तरी तुटकीच दिसतील, त्याला इलाज पीजीअॅडमिन.

आणि चुकून सर्व्हर टाकलाच असेल तर अनइन्स्टॉलर चालवताना इंडिव्हिज्युअल कंपोनंट्स निवडा आणि फक्त सर्व्हर काढा, टूल्स राहतील. डेटा फोल्डर तो मागे ठेवतो, ते हाताने डिलीट करावं लागतं. पण करायच्या आधी आपण खालच्याच पीसीवर बसलोय ना, माळ्यावरच्या नाही, एवढं बघा. मी त्या दिवशी दोनदा बघितलं.