एक-चौदावर अजून आजोबांचंच नाव? माझं असं सुटलं

गोव्यात डिचोलीकडे आमचं भाटलं (बागायत), आजोबा वारून वीस वर्षं झाली तरी एक-चौदाच्या उताऱ्यावर (म्हणजे गोव्यातला जमिनीचा उतारा, फॉर्म I आणि XIV) त्यांचंच नाव. आधी नुसता मृत्यू दाखला लावून मामलेदाराकडे म्युटेशनचा, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलण्याचा, अर्ज केला, परत आला. मग पंचायतीची घरपट्टीची पावती जोडली, पण ती काय मालकीचा पुरावा नव्हे. दोन पावसाळे फुकट गेले, डोकं फिरलं.

शेवटी असं केलं. पहिलं म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे स्पेशल नोटरीसमोर सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण कोण ते सांगणारा दस्त, गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्याखाली. आत्या लग्न होऊन गेल्या म्हणून सोडायच्या नाहीत हां, गोव्यात मुलींना सारखा वाटा, आणि वारसांच्या नवरा-बायकोची नावं पण घाला, आम्ही एका काकीला विसरलो आणि कागद पुन्हा करावा लागला! जाहिरात निघाली, हरकतीची मुदत संपली, मग सर्टिफाइड कॉपी घेतली. ती, मृत्यू दाखला आणि ताजा एक-चौदा जोडून म्युटेशनचा नवा अर्ज, सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन (पोटहिस्सा) उताऱ्यावर आहे तसाच लिहून. सगळ्यांना नोटिसा गेल्या, कोणी हरकत घेतली नाही, एंट्री मंजूर झाली. नवा उतारा काढून प्रत्येक नावाचं स्पेलिंग तपासलं, एक चुकलेलं सापडलंच, ते लगेच दुरुस्तीला दिलं.